दुहेरी फॅब्रिक

सॅन म्हणजे स्टोरेज एरिया नेटवर्क. एका बाजूला सर्व्हर, दुसऱ्या बाजूला डिस्कची कपाटे आणि मध्ये फायबरचे जाळे. लांबची डिस्क सर्व्हरला स्वतःच्या पोटातलीच वाटते. स्विच आणि केबल मिळून होणाऱ्या या जाळ्याला फॅब्रिक म्हणतात. मुंबईच्या गिरणगावात फॅब्रिक म्हणजे कापड. तिथे, लोअर परळच्या मफतलाल मिल कंपाउंडमध्ये आज सीडीएसएल या शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या डिपॉझिटरीचे कार्यालय आहे. १९९६च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअरची कागदी सर्टिफिकिटे मागे पडली, मालकी संगणकातल्या नोंदींवर आली. नोंद हरवली तर दाखवायला कागद नाही. म्हणून अशा कामाला जाळे दुहेरी लागते.

दुहेरी जाळ्यात काहीही सामाईक नको. प्रत्येक सर्व्हरला जाळ्याशी जोडणारे दोन एचबीए पोर्ट, एक ‘ए’ फॅब्रिकच्या स्विचला, दुसरा ‘बी’च्या. स्टोरेजचे दोन्ही कंट्रोलर दोन्हीकडे जोडलेले, वीजही दोन वेगळ्या यूपीएसवरून. ए आणि बीचे स्विच मात्र एकमेकांना कधीच जोडायचे नाहीत. जोडले, तर झोनिंगमधली, म्हणजे कोणता सर्व्हर कोणते स्टोरेज पाहील हे ठरवण्यातली, एक चूक दोन्हीकडे पसरते.

सगळ्यात नाजूक काम केबलच्या टोकाचे. सिंगल मोड फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. धुळीचा एक कण प्रकाश अडवतो. चांगला तंत्रज्ञ केबलची टोपी काढतो, टोक स्कोपखाली पाहतो, पुसतो, पुन्हा पाहतो आणि मगच ‘टक’ आवाज येईपर्यंत खोचतो. चालू फायबरमध्ये उघड्या डोळ्याने डोकावत नाहीत. तो लेसर दिसत नाही, पण डोळा जायबंदी करू शकतो. शेवटी लिहिणे चालू असतानाच एक केबल उपसायची. मल्टिपाथने, म्हणजे सर्व्हरमधल्या वाटा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने, काम दुसऱ्या वाटेने नेले, तरच उभारणी पुरी.

खरी कसोटी एकच नोंद दोन इमारतींमध्ये ठेवताना लागते. प्रत्येक नोंद दोन्हीकडे उतरल्यावरच पक्की धरायची, तर लिंक तुटल्यावर काय, हे आधीच ठरलेले हवे. साफ तुटलेली लिंक ओळखू येते. येते-जाते अशी लिंक घातक, कारण पलीकडची बाजू मेली की जिवंत, हेच कळत नाही.

असेच २४ फेब्रुवारी २०२१ रोजी झाले: राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले. टेलिकॉम लिंक दोन कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या, दोन्ही डळमळल्या. एनएसईच्या खुलाशानुसार वाटेवरचे खोदकाम आणि बांधकाम त्यामागे होते आणि त्यातून सॅन अनपेक्षितपणे वागले. क्लिअरिंगची जोखीम-नियंत्रण यंत्रणा बंद पडली. दलाल स्ट्रीटवरचे बीएसई चालू राहिले. एनएसई दुपारी ३.४५ ला उघडले. कंपन्या दोन असल्या, तरी दोन वाटा खरोखर वेगळ्या आहेत का, हे जमिनीखालच्या नकाशावरच तपासावे लागते.

त्यानंतर २२ मार्च २०२१ रोजी बाजार नियामक सेबीने नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा कोलमडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करायचे.