मोतीबिंदू पिकायची वाट नको

‘अजून पिकला नाही, पिकू दे, मग काढू.’ मोतीबिंदूबद्दलचा हा सल्ला घरोघरी अजून ऐकू येतो. तो जुन्या काळचा आहे. आज वाचणं, तांदूळ निवडणं, रस्ता ओलांडणं जड जाऊ लागलं, की वेळ झाली असं समजावं. फार पिकलेलं भिंग कडक होतं आणि काढायला उलट अवघड जातं.

शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी आणि पारपटलाची वक्रता मोजून नव्या भिंगाचा नंबर ठरवतात. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या तासात आटोपते. थेंबांनी किंवा इंजेक्शननं डोळा बधिर करतात. रुग्ण जागाच असतो, पण त्याला दिसतो तो मुख्यतः प्रखर उजेड. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून श्राव्यातीत लहरींनी गढूळ भिंग फोडून शोषून घेतात. चार्ल्स केलमन यांनी ही पद्धत १९६७ मध्ये आणली. मग घडी केलेलं कृत्रिम भिंग आत अलगद उलगडतं.

नंतर निळा रंग एकदम निळाशार दिसतो. इतकी वर्षं तो पिवळसर पडद्याआडून दिसत होता! काही आठवडे थेंब नेमानं घाला, डोळा चोळू नका, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका. दुखणं किंवा लाली वाढली, नजर अंधूक झाली, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.