फुलीवरून निघून फुलीवर

लातूरच्या ज्या शाळेच्या मैदानावर आमचा कराटेचा क्लास भरतो, तिथे सर फक्कीने जमिनीवर एक फुली काढतात. कांकू-दाई हा काता त्या फुलीवर सुरू करायचा आणि 65 हालचालींनंतर पाय पुन्हा तिथेच यायला हवेत. चाळिशीत मी तो शिकायला घेतला. अजून कधी हातभर डावीकडे थांबतो, कधी दोन पावलं मागे.

काता म्हणजे समोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी ठरलेल्या क्रमाने केलेली लढत. शोतोकान शैलीत असे 26 काता आहेत. कांकू-दाईच्या सुरुवातीला दोन्ही तळहात कपाळापुढे उचलायचे आणि अंगठे व बोटांमधल्या त्रिकोणातून आकाश बघायचं. नावाचा अर्थही तोच, आकाश न्याहाळणं. त्याचं जुनं नाव कुशांकू. अठराव्या शतकात ओकिनावात आलेल्या एका चिनी जाणकाराचं हे नाव. शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये टोकियोत, ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्यापुढे, हाच काता करून दाखवला होता.

फुनाकोशी पेशाने शाळामास्तर. त्यांचे गुरू आंको इतोसू यांनी 1901 च्या सुमारास कराटे ओकिनावातल्या शाळेत नेलं आणि मुलांना पेलतील असे पाच छोटे काता बसवले. तेच आजचे हेआन. त्यांतले बरेचसे तुकडे कुशांकूतलेच आहेत. म्हणजे पाचही हेआन येणाऱ्याला कांकूचा मोठा भाग आधीच येत असतो.

आणि खरी अडचण तिथेच आहे. बाजूला लाथ, मग शुतो-उके म्हणजे हाताच्या कडेने तीन अडवणुका, मग ताठ बोटांचा नुकिते आणि आरोळी. हा तुकडा हेआन निदानमध्ये आहे, कांकूतही आहे. पण पुढे हेआन निदानमध्ये डाव्या अंगाने पाऊण फेरी घ्यायची असते, कांकूत अर्धीच. वर्षानुवर्षं पाऊण फेरी घेतलेला पाय अर्ध्यावर थांबत नाही. डोक्याला माहीत असतं, पायाला नसतं. मी महिनाभर तेवढं एकच वळण करत होतो. माझं मत असं, की वरच्या पातळीचा काता शिकताना नवं थोडंच शिकायचं असतं. अंगवळणी पडलेलं जुनं सोडवणं हे मोठं काम असतं.

सरांनी एकदा त्या वळणाची बुंकाई, म्हणजे प्रत्यक्ष वापर, दाखवली. मागून एकाला माझ्यावर धावून यायला सांगितलं. वळताना डावा हात आपोआप कपाळापाशी गेला, उजव्या हाताची कड त्याच्या मानेपाशी थांबली. तो बरोबर पाठीमागे होता, म्हणून फेरी अर्धी. त्या दिवसानंतर पाय फारसा चुकला नाही. कारण न सांगता मुलांकडून नुसता क्रम घोकून घेणारे वर्ग पाहिले की म्हणूनच वाईट वाटतं.

या विद्येचं जवळचं नातं शोधायला जपानला जायची गरज नाही. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात दसऱ्याला किंवा होला महल्ल्याला जा. गतका खेळणारी पोरं नगाऱ्याच्या ठेक्यावर आधी पैंतरा धरतात, म्हणजे पावलांची ठरलेली चाल. आपल्या मराठीतला ‘पवित्रा’ अर्थाने त्याचाच भाऊबंद. हातातली काठी किती वेगाने फिरते हे सगळे बघतात. मी आता पाय बघतो. काठीचा तोल पायावर असतो, हे मला कांकूने शिकवलं.

वय झालं म्हणून कडेला बसलेल्यांसाठी एक माहिती. काता ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो टोकियोत, 2021 च्या ऑगस्टमध्ये. महिलांचं सुवर्णपदक स्पेनच्या सांद्रा सांचेझने जिंकलं, तेव्हा ती 39 वर्षांची होती. अंतिम फेरीत तिने केला चातान्यारा कुशांकू, आमच्या कांकूचाच भाऊ.

लातूर-नांदेडच्या पालकांना एकच विनंती आहे. मुलाला पुढचा बेल्ट कधी मिळणार, हे विचारण्याआधी अंगणात खडूने एक फुली काढा, त्याला हेआन निदान करायला सांगा, आणि प्रत्येक वळणाला मागे कोण उभा आहे ते विचारा.