दांताच्या पोटांतील दांत

दांत किडला म्हणजे दुखतो, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. परंतु ज्यावर किडीचा ठिपकाहि दिसत नाहीं, जो कधीं कशावर आपटला नाहीं, असा शुभ्र दांत मुळाशीं पुवानें भरावा, हें पालकांना खरें वाटत नाहीं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या वरच्या हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हां येते. घरांत लवंगेचें तेल लावलें जातें, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, आणि चार दिवस बरें वाटलें कीं गोष्ट विसरली जाते. अशा वेळीं दोष कधीं कधीं दांताच्या घडणींतच असतो.

दांत हिरडींतून वर येण्यापूर्वीं कित्येक वर्षें जबड्याच्या हाडांत त्याचा कोंब तयार होत असतो. कोंबाचा बाहेरील पदर पुढें चकचकीत कवच घडवितो. आंतील भागापासून दांताचें अंग, आणि रक्तवाहिन्या व ज्ञानतंतु असलेला मगज बनतो. कवच कठीण होण्याआधींच हा बाहेरील पदर क्वचित् आंत दुमडतो, हातमोज्याचें बोट उलटें आंत जावें तसा, आणि तसाच कठीण होऊन बसतो. क्ष-किरणांच्या चित्रांत मोठ्या दांताच्या पोटांत दुसरा लहान दांत असल्याचा भास होतो. वरच्या मधल्या दोन दांतांच्या शेजारचा, सुळ्याच्या अलीकडचा दांत या दोषाला विशेष बळी पडतो.

बाहेरून दिसते ती एवढीच खूण: दांताच्या टाळूकडील बाजूस एक बारीक खळगी. तींत अन्नाचे कण व जंतु शिरतात. ब्रश तेथें पोंचत नाहीं. आंतील कवच पातळ, कोठें कोठें मुळींच नसलेलें. जंतु मगजांत जातात, मगज मरतो, आणि विकार मुळाच्या टोंकांतून हाडांत उतरतो. १९५७ सालीं ओएलर्स नांवाच्या दंतवैद्यानें याचे तीन प्रकार सांगितले: दुमड दांताच्या माथ्यापुरती, मुळांत उतरून बंद झालेली, आणि मुळांतून थेट आरपार गेलेली. तिसऱ्या प्रकारांत केव्हां केव्हां दुमडच तेवढी सडलेली असते व मगज जिवंत असतो. कुशल दंतवैद्य मग दुमडच साफ करून मगज वांचवितो.

दाढांच्या पुढील लहान दाढांवर याच्या उलट प्रकार आढळतो. तेथें कवचावर उंचवटा येतो, चावतांना तो मोडतो, आणि आंतला मगज उघडा पडतो.

हा दांत साधारणपणें आठव्या-नवव्या वर्षीं येतो. त्याच वेळीं दंतवैद्यास दाखविल्यास खळगी लेपानें बंद करतां येते; काम थोड्या वेळाचें, दुखणेंहि नाहीं. एका बाजूस खळगी सांपडली तर दुसरी बाजूहि तपासावी. दोष पुष्कळदा जोडीनें असतो.

मगज मेल्यावर नुसत्या गोळ्यांनीं भागत नाहीं. औषध रक्तावाटे जातें, आणि मेलेल्या मगजांत रक्तच फिरत नाहीं. म्हणून दांत लगेच उपटावा असेंहि नाहीं. रबराच्या पडद्यानें तो वेगळा करून मुळांतील नळी साफ करतात, जंतुनाशक पाण्यानें धुतात, आणि जरूर तर कांहीं दिवस कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवतात. हें पानाला लावतात त्या चुन्याचेंच शुद्ध रूप होय (घरचा चुना मात्र हिरडी भाजून काढील). शेवटीं नळींत गटापर्चा भरतात. हा मलायाकडील झाडांचा चीक. १८७० सालीं मुंबईहून एडनपर्यंत समुद्राखालून जी तार टाकली, तिच्यावरहि याचेंच वेष्टन होतें. मुलाचें मूळ अपुरें असेल तर टोंक फनेलासारखें उघडें राहतें व गटापर्चा तेथें ठरत नाहीं; तेव्हां इमारतीच्या सिमेंटाच्या जातीच्याच एका शुद्ध सिमेंटाचें बूच प्रथम बसवितात.

लालबाग-परळ किंवा गिरगांवच्या पालकांना यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. मुंबई सेंट्रलजवळ नायर इस्पितळाचें दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, आणि सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारांत सरकारी दंत महाविद्यालय आहे. उपचारानंतर सहा महिन्यांनीं व वर्षानें पुन्हां चित्र काढतात. मुळाच्या टोंकाभोंवतीं पूर्वीं दिसलेली काळी छाया हळूहळू पुसट होत जाते; तेथें नवें हाड भरत असतें.