इंजिन बंद, स्टिअरिंग जड

देवळी तालुक्यातल्या एका मोकळ्या वावरात, उन्हाळी मशागत आटोपल्यावर, आम्ही पॉवर स्टिअरिंगचा ट्रॅक्टर मुद्दाम बंद करून पाहिला. एरवी एका हाताने सहज फिरणारं स्टिअरिंग दोन्ही हातांनीही जेमतेम हललं. शेजारचे काका अनुभवी चालक. ते म्हणाले, "इंजिन बंद झालं का मंग सारी ताकद आपल्याच मनगटाची."

इंजिनवर चालणारा पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबावर पुढची चाकं वळतात. पंप थांबला की स्टिअरिंगखालचं युनिट स्वतःच हातपंप बनतं; चालकाच्या जोराने जेवढं तेल पुढे जाईल तेवढीच चाकं वळतात. मग दुसऱ्या ट्रॅक्टरने साखळी लावून हळूहळू ओढलं, तेव्हा स्टिअरिंग बरंच सैल झालं. उभं टायर मातीवर घासतं, फिरतं टायर तेवढा विरोध करत नाही.

अवजार उचलणाऱ्या लिफ्टची तऱ्हा वेगळी. कल्टिव्हेटर वर असताना इंजिन बंद केलं आणि लिव्हर खाली ओढला; अवजार आपल्या वजनाने खाली आलं. लिव्हर वर केला, पण ते जागचं हललं नाही. उचलायला पंप लागतो, उतरायला लागत नाही. अवजार वर ठेवून ट्रॅक्टर उभा केला तर तेल आतल्या आत झिरपून ते हळूहळू खालीही येतं.

तेलाच्या दाबाची मदत गेली तर काय, हाच प्रश्न हेलिकॉप्टरच्या पायलटपुढे हवेत उभा राहतो. रॉबिन्सन आर-२२ सारख्या लहान हेलिकॉप्टरला ही हायड्रोलिक मदत नसतेच. एएस-३५० हेलिकॉप्टरला ती असते. ती गेली तरी हाताने उडवता येतं, पण पात्यांवरचा जोर थेट पायलटच्या हातातल्या दांड्यावर येतो. इथे ट्रॅक्टरच्या उलट घडतं: वेग वाढला की दांडा अधिक जड होतो. म्हणून यंत्रणेत साठवलेला दाब संपण्याआधी पायलट वेग कमी करतो. फार मोठ्या हेलिकॉप्टरचा भार माणसाच्या हाताला पेलत नाही, म्हणून त्यांत एकाहून अधिक हायड्रोलिक यंत्रणा बसवतात.

हा जडपणा सिम्युलेटरमध्ये शिकवायचा तर पडद्यावर बिघाडाचा दिवा लावून भागत नाही. चांगल्या सिम्युलेटरच्या दांड्याला मोटारी जोडलेल्या असतात आणि संगणक वेगानुसार त्यांचा विरोध वाढवतो. घरच्या साध्या जॉयस्टिकमध्ये फक्त स्प्रिंग. बिघाड झाला तरी तिचा जोर तेवढाच. तिच्यावर सराव केलेल्याला बिघाडानंतर करायचे टप्पे पाठ होतील, पण खऱ्या जडपणाची सवय हाताला लागणार नाही.

ट्रॅक्टरवाल्याला सिम्युलेटरची गरज नाही. नव्या चालकाला सपाट वावरात, ट्रॅक्टर उभा असताना, इंजिन बंद करून एकदा स्टिअरिंग फिरवायला लावा. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून ट्रॅक्टर सोडू नका. उचललेल्या अवजाराखाली कधीही शिरू नका, आणि इंजिन बंद करण्याआधी ते जमिनीवर टेकवा.