काळ्या पाषाणातले तळे

शेवाळाचा जीवाश्म म्हणून आपल्याकडे जे दगड कौतुकाने दाखवले जातात, त्यांतल्या बहुतेकांत शेवाळ नसते. अर्धपारदर्शक अकीकात हिरव्या तंतूंचे रान माजलेले दिसते. त्याला बाजारात मॉस अगेट म्हणतात. ते तंतू म्हणजे लाव्हा थिजल्यावर त्याच्या पोकळ्यांत सिलिकाबरोबर वाढलेली लोहयुक्त हिरवी खनिजे. दुसरा फसवा प्रकार आणखी देखणा: दगड फोडला की फटीच्या पृष्ठावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी उमटलेली असते. भेगेत झिरपलेल्या पाण्याने मागे ठेवलेले ते मँगनीजचे ऑक्साइड. ही नक्षी भेगेच्या पातळीवरच पसरते, तिला जाडी नसते आणि भिंगाखाली पेशींची मांडणी कुठेच सापडत नाही. हे दोन्ही दगड सुंदर आहेत, जपावेत असेच आहेत. पण त्यांत सजीव कधीच नव्हता.

खरे शेवाळ बहुधा अशा दगडात असते, ज्याकडे कुणी वळूनही पाहत नाही.

दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनले. हे थर सलग ओतले गेले नाहीत. मध्ये उसंत होती आणि त्या उसंतीत थिजलेल्या लाव्हावर पाणी साचून तळी झाली. तळ्यांचा गाळ पुढच्या लाव्हाखाली गाडला गेला आणि सिलिकायुक्त पाणी मुरून जागोजाग कठीण, करड्या-तपकिरी चर्टमध्ये बदलला. विदर्भात काळ्या पाषाणाच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, दोन थरांमध्ये हे चर्टचे पट्टे सापडतात. त्यांत गोगलगायींचे शंख असतात, लाकूड असते, बिया असतात, आणि कारा नावाच्या शैवालाची फळेही असतात.

कारा आजही स्वच्छ, संथ, उथळ पाण्याच्या तळाशी वाढते. तिच्या अंडपेशीभोवती पाच पेशी वेटोळे घालतात आणि त्यांच्यावर चुन्याचे कवच चढते. वनस्पती कुजून जाते, कवच उरते. आकार मोहरीच्या दाण्याहून लहान, बाहेरून डावीकडे वळत गेलेले मळसूत्री कंगोरे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लामार्कसारख्या निसर्गशास्त्रज्ञाने अशा कवचांना सूक्ष्म शंख समजून शंखांत गणले होते. ही काराची फळे आहेत हे 1812मध्ये लेमानने दाखवले. दख्खनच्या पूर्व टोकाशी, निर्मलच्या डोंगररांगेत, जॉन ग्रँट माल्कमसन या लष्करी डॉक्टरला गोड्या पाण्यातल्या शंखांसोबत हीच फळे मिळाली आणि त्यांतल्या एका जातीला त्याचे नाव मिळाले: कारा माल्कमसोनाय. पुढे नागपूरजवळ टाकळीच्या थरांतून स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी जीवाश्म गोळा केले आणि 1855च्या सुमारास त्यांचे वर्णन लंडनच्या नियतकालिकात आले. हिस्लॉप 1863मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना नदीत बुडाले. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपूरकरांना ठाऊक आहे. त्यांच्या दगडांची आठवण मात्र फार थोड्यांना असते.

चर्टचा तुकडा हातात आला की आधी तो धुवावा. कोरडा दगड काहीच सांगत नाही, ओला सांगतो. दहापट भिंगातून ओल्या फुटीवर लहान गोल वर्तुळे दिसतात का पाहावे. फळ आडवे कापले गेले असेल तर वर्तुळाच्या कडेला खाचा दिसतात. उभे कापले गेले असेल तर दोन्ही बाजूंना पेशींच्या छेदांच्या ओळी. एकटे वर्तुळ पुरावा नव्हे, कारण खनिजांचे गोल दाणेही तसेच दिसतात. एकाच आकाराची पाच-दहा वर्तुळे आणि त्यांतल्या एखाद्यात तरी मळसूत्र, एवढे मिळाले तर विश्वास ठेवावा.

शेवाळाच्या दगडांचे दुसरे कूळ याहून कितीतरी जुने: स्ट्रोमॅटोलाइट. नील-हरित शैवालांच्या चिकट थरावर गाळ बसायचा, शैवाल त्यावर पुन्हा वाढायचे आणि असे करत खांब व घुमट उभे राहायचे. या शैवालांना शास्त्र आता जीवाणूंत मोजते. उदयपूरजवळच्या झामरकोटऱ्यात असे खांब फॉस्फेटने भरलेले आहेत. ते खणून खतासाठी वापरले जातात, आणि त्यांतला काही भाग भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखला आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या बिवाबिक लोहथरांत सुमारे 190 कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट लाल जास्परमध्ये जतन झाले आहेत. तिथल्या मेरी एलन खाणीवरून त्या दगडाला मेरी एलन जास्पर म्हणतात. हिमनद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांमध्ये त्याचे तुकडे मिसळलेले सापडतात.

अकीक आणि स्ट्रोमॅटोलाइट यांत पट्ट्यांवरून गल्लत होते. अकीकाचे पट्टे पोकळीच्या भिंतीवरून आत वाढत गेलेले असतात आणि सहसा सुबक असतात. स्ट्रोमॅटोलाइटचे थर वर फुगलेले, किंचित सुरकुतलेले, कुठे जाड कुठे पातळ. शेजारच्या दोन घुमटांच्या खाचेत गाळाचे कण अडकलेले दिसतात. थरांना काटकोनात कापले तर घुमट दिसतो, समांतर कापले तर एकात एक वलये.

म्हणूनच घासण्याआधी कापाची दिशा ठरवावी. चुकीच्या दिशेने घासलेला दगड कितीही चमकला तरी मुका राहतो. चर्ट आणि जास्पर कठीणपणाच्या मापनश्रेणीत सातच्या आसपास. त्यासाठी कार्बोरंडमची भुकटी काचेच्या जाड तावदानावर पाण्यासह वापरावी: आधी 120 क्रमांकाची जाड, मग 220, 400, 600 अशी बारीक होत जाणारी. प्रत्येक टप्प्यानंतर दगड, हात, तावदान सगळे स्वच्छ धुवावे. जाड भुकटीचा एक कण पुढे गेला तर सगळी मेहनत ओरखड्यात जाते. शेवटी चामड्यावर किंवा फेल्टवर सिरियम ऑक्साइडने चमक येते. चुनखडीचा स्ट्रोमॅटोलाइट मऊ असतो, साधारण तीनच्या कठीणपणाचा. त्याला इतक्या जाड भुकटीने सुरुवात करू नये.

आणि कोरडे घासणे कधीही नको. खंभातला अकीक उद्योग जगभर नावाजलेला आहे आणि तिथल्या कारागिरांच्या फुप्फुसांत शिरलेल्या सिलिकाच्या धुळीमुळे होणारा सिलिकोसिसही तितकाच ठाऊक आहे. छंदासाठी दगड घासणाऱ्यानेही दगड ओला ठेवावा, मुखपट्टी लावावी आणि साचलेला चिखल वाळू देऊ नये.

माझे ठाम मत असे की सगळा दगड चकचकीत करू नये. एक बाजू घासावी, दुसरी निसर्गाने दिली तशी ठेवावी, कारण थराची दिशा आणि सालीवरची माती तिथेच दिसते. तुकडा कुठून, कोणत्या थरातून आणला ते कागदावर लिहून दगडासोबत ठेवावे. ठिकाण हरवलेला जीवाश्म अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी असतो. झामरकोटऱ्यासारख्या राखीव ठिकाणांहून तर एक खडाही उचलू नये.

टाकळी आता नागपूर शहरात गिळली गेली आहे. जवळच सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय आहे. शहरात पायासाठी खोदताना काळ्या पाषाणाखालून करड्या चर्टची फरशी निघाली, तर ती भरावात टाकण्याआधी एक तुकडा धुऊन भिंगाखाली धरावा, खड्ड्याच्या भिंतीचा फोटो काढून ठेवावा आणि दोन्ही घेऊन त्या कार्यालयात किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात जावे.