गुडघा दुखतो? पळणे सोडू नका, घाई सोडा



पहाटे साडेपाचला आमच्या वस्तीमागच्या मैदानावर गेलात तर पंचवीस-तीस मुले-मुली पळताना दिसतील. कुणाचा बाप कंत्राटी सफाई कामगार, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते, कुणी स्वतःच रात्री कुरियरच्या गोदामात माल उचलून थेट मैदानावर येतो. सर्वांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट, पोलीस भरती. २०२४ साली महाराष्ट्रात १७ हजार ४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीचे गुण ५०. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावणे, त्याला २० गुण. १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५. मैदानावर निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेचे दारच उघडत नाही. म्हणजे पोरांचे भवितव्य जेवढे पुस्तकावर, तेवढेच त्यांच्या दोन गुडघ्यांवर उभे आहे. म्हणूनच आज या गुडघ्यांबद्दल लिहावयाचे ठरवले आहे.

आम्ही स्वतः काही धावपटू नव्हे. आम्ही पडलो कारकून. वीस वर्षे खुर्चीत बसून जमाखर्च जुळवला. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी रक्तातील साखर काठावर आली आणि डॉक्टर म्हणाले, "साहेब, आता हालचाल करा." अर्ज भरून देण्यासाठी, दाखल्यांची कागदपत्रे तपासण्यासाठी या पोरांमध्ये आमचे जाणे-येणे होतेच. म्हटले, यांच्याबरोबर आपणही पळू. पहिल्या दिवशी पोरांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून मैदानाच्या सलग सहा फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी पुन्हा सहा. दुसऱ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे असे काही ठणकू लागले की कार्यालयात खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागे.

एके सकाळी आम्ही इमारतीचा जिना कठडा धरून, एकेक पायरी, आडवे होऊन उतरत होतो. पाहतो तो काय, आमच्या पुढे वरच्या मजल्यावरची वीस वर्षांची मुलगी अगदी तशीच उतरत होती! आम्हाला पाहताच ती सरळ चालू लागली.

"काय गं, गुडघा ना?" आम्ही विचारले.

ती आधी नाही म्हणाली. मग खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "काका, घरी सांगू नका. आई म्हणेल, बस्स झालं पळणं. मामा आधीच स्थळं घेऊन येतायत."

तीन आठवडे तिने दुखणे लपवले होते. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणायच्या, पळण्याआधी एक घ्यायची आणि पळायचे. कुणीतरी तिला सांगितले होते, जितके जास्त पळशील तितके मार्क जास्त. म्हणून ८०० मीटरच्या तयारीसाठी ही मुलगी रोज पाच किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यावर, भावाचे जुने, एक नंबर मोठे बूट घालून पळत होती. आठवड्याला सुट्टी नाही. हा मे २०२४ चा पहिला आठवडा. मैदानी चाचण्या जूनमध्ये सुरू व्हायच्या होत्या.

आम्ही तिच्या आईशी बोललो. मुलीला आधी राग आला, पण मार्ग त्यातूनच निघाला. त्या माउलीने एक दिवसाचा खाडा केला, आणि आम्ही तिघे सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून हाडांच्या विभागात रांगेला लागलो. आम्हाला वाटले होते, डॉक्टर आमचा एक्स-रे काढतील, तिला दोन महिने अंथरुणावर झोपायला सांगतील. त्यांनी तसे काही केले नाही. गुडघे हाताने दाबून, वाकवून पाहिले, एका पायावर अर्धे बसायला लावले, आणि व्यायामोपचार विभागात पाठवले. "हाड ठीक आहे. स्नायू तयार होण्याआधी भार वाढवलात," एवढेच म्हणाले. आम्हा दोघांचे निदान एकच!

दुखते नेमके कुठे?

गुडघा दुखतो म्हटले तरी जागा पाहावी लागते. नव्याने पळणाऱ्यांमध्ये सर्वात जास्त आढळते ते वाटीभोवतीचे किंवा वाटीमागचे दुखणे. जिना उतरताना, उकिडवे बसताना, बराच वेळ मांडी घालून किंवा खुर्चीत बसून उठताना ते जाणवते. पळताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. हा भार पेलायचा तो मांडीच्या पुढच्या आणि खुब्याच्या स्नायूंनी. ते कच्चे असले की वाटीच्या सांध्याला त्रास होतो.

दुखणे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असेल, आणि ठराविक अंतर पळाल्यावरच सुरू होत असेल, तर खुब्यापासून खाली येणाऱ्या लांब पट्ट्याचे ते दुखणे असू शकते. वाटीच्या अगदी खाली, बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल तर तिथल्या जाड दोरीसारख्या स्नायुबंधावर ताण आलेला असतो. दहा ते पंधरा वर्षांच्या वाढत्या मुलांना वाटीखाली नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटा येतो. तो पाहून पालक घाबरतात, पण वाढ पूर्ण झाली की हा त्रास बहुधा थांबतो. तोवर उड्या आणि धावणे बेताने ठेवावे.

दुखण्याला गुण द्या

व्यायामोपचार विभागातील ताईंनी आम्हाला एक सोपी रीत शिकवली. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. पळताना दुखणे तीनपर्यंत राहिले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आले, तर तेवढे पळणे चालेल. त्याच्या वर गेले, किंवा दुसऱ्या दिवशी वाढले, तर आदल्या दिवशीचे पळणे जास्त झाले. पुढच्या वेळी कमी करा.

आम्हा हिशेबनीसांना ही गोष्ट चटकन पटली. खात्यात शिल्लक शंभर आणि उचल पाचशेची, तर बँक नोटीस पाठवणारच. गुडघ्याची नोटीस म्हणजे दुखणे. ती फाडून टाकली म्हणून कर्ज फिटत नाही. वेदनाशामक गोळी खाऊन पळणे म्हणजे नोटीस फाडणेच होय. शिवाय या गोळ्या वरचेवर, उपाशीपोटी घेतल्या तर जठराला इजा होते आणि मूत्रपिंडावरही परिणाम होतो. उन्हात घाम गाळून, पाणी न पिता पळणाऱ्याला हा धोका अधिक. चाचणीच्या दिवशी कुणी इंजेक्शन घेऊन पळायला सांगेल, त्याचे मुळीच ऐकू नका.

घरच्या घरी पाच व्यायाम

यासाठी जिम नको, पैसा नको. दहा बाय दहाच्या खोलीतही होतात.

१) भिंतीला पाठ टेकून, अदृश्य खुर्चीत बसल्यासारखे, दुखणार नाही इतकेच खाली बसा. २० ते ३० सेकंद थांबा. पाच वेळा.

२) उताणे झोपा. एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ. सरळ पाय वीतभर-हातभर उचलून सावकाश खाली आणा. प्रत्येक पायाने दहा-बारा वेळा.

३) कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचला. याने खुब्याची बाजू बळकट होते.

४) उताणे झोपून दोन्ही गुडघे दुमडा आणि कंबर वर उचला. पाच सेकंद थांबा. दहा-बारा वेळा.

५) जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवा व परत वर घ्या. गुडघा आत झुकू देऊ नका. हा व्यायाम दुखणे कमी झाल्यावरच सुरू करा.

एक दिवसाआड, म्हणजे आठवड्यातून तीन वेळा करा. आठ दिवसांत चमत्कार होणार नाही. फरक पडायला सहा ते आठ आठवडे, कधी जास्तही लागतात. दुखणे वाढलेल्या दिवशी फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावला तर बरे वाटते. तेल चोळण्यानेही आराम वाटेल, पण नुसत्या चोळण्याने स्नायू बळकट होत नाहीत.

पळण्याचा जमाखर्च

नवख्या माणसाने सलग पळूच नये. एक मिनिट पळा, दोन मिनिटे चाला, असे आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटे पळा, दोन चाला. दुखणे तीनच्या आत राहिले तरच पुढची पायरी. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा, अंतर तरी नाहीतर वेग तरी. मधल्या दिवसाची विश्रांती म्हणजे आळस नव्हे. स्नायू त्याच दिवशी सावरतात आणि बळकट होतात.

पाऊल आखूड टाका. लांब ढांग टाकली की पाय शरीराच्या पुष्कळ पुढे पडतो आणि गुडघ्याला हिसका बसतो. मिनिटाला पावले मोजा. १५० पडत असतील तर त्याच वेगाने १६० पाडण्याचा प्रयत्न करा. पावलांची संख्या पाच ते दहा टक्के वाढली तरी वाटीवरचा भार कमी होतो.

बूट महागच हवेत असे नाही. मापाचे हवेत. पुढे अंगठ्याएवढी जागा, टाच घट्ट, तळ झिजलेला नको. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे सपाट मैदान बरे.

डॉक्टरकडे कधी जावे?

गुडघा सुजला, पळताना पाय मुरगळून 'कट' असा आवाज आला, गुडघा मध्येच अडकतो किंवा दगा देतो, पायावर भार टाकता येत नाही, रात्री विश्रांतीतही ठणकतो, अथवा गुडघा गरम लागून ताप येतो, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. डॉक्टरांकडे जा. दोन-तीन आठवडे पळणे कमी करूनही उतार नसेल तरीही जा. आणि आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांनी पळायला लागण्याआधी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर, वाजवीपेक्षा जास्त धाप ही लक्षणे आली तर लगेच थांबावे.

"पळून गुडघे झिजतात" हे खरे का?

वस्तीतील वडीलधारी मंडळी आम्हाला हेच सांगत. पण २०१७ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात बेताने, हौसेने पळणाऱ्यांपैकी सुमारे साडेतीन टक्के लोकांत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांध्याची झीज आढळली. न पळणाऱ्या, बैठ्या लोकांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. मोठ्या स्पर्धांसाठी पळणाऱ्यांमध्ये मात्र ते तेरा टक्क्यांच्या वर होते. म्हणजे बेताने पळणाऱ्याने झिजेची धास्ती घेण्याचे कारण नाही.

पुढे काय झाले?

त्या मुलीने पळणे पूर्ण बंद केले नाही. पहिले दोन आठवडे चालणे आणि थोडे पळणे, जोडीला व्यायाम. तिसऱ्या आठवड्यात मातीच्या मैदानावर २०० मीटरचे तुकडे. आईने बचत गटातून पैसे उचलून तिच्या मापाचे बूट घेतले. जुलैमध्ये तिची मैदानी चाचणी झाली. ८०० मीटर ती पूर्ण पळाली, गुडघा तीनच्या आत राहिला, आणि लेखी परीक्षेला ती पात्र ठरली. लेखीत मात्र थोड्या गुणांनी मागे राहिली. त्या दिवशी ती फार रडली. तिची आई काय म्हणाली, ते आम्ही आमच्या कानांनी ऐकले. "पाय शाबूत आहेत ना? मग पुन्हा पळ." स्थळे घेऊन येणाऱ्या मामांना तिनेच थांबवले.

पालकांना आमची हात जोडून विनंती आहे. मुलीने गुडघा दुखतो म्हटले की पळणे बंद, असे धोरण ठेवाल तर ती दुखणे लपवेल आणि मुकाट्याने गोळ्या खाईल. दुखणे सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही, एवढा भरवसा तिला द्या. आणि मुला-मुलींनो, गुडघा बोलू लागला तर त्याचे ऐका. भरती पुन्हा निघेल, गुडघे दुसरे मिळणार नाहीत.

आमचे म्हणाल तर आम्ही आता एक दिवसाआड पळतो, आखूड पावलांनी. पोरे आम्हाला तीन वेळा मागे टाकून जातात. जाऊ देत, त्यांना पुढेच जायचे आहे. आम्ही मात्र जिना कठडा न धरता उतरतो.