रानातले घर, विहिरीचे पाणी – भाग ९ : फुटबॉलच्या वरचे वीस फूट

विहिरीच्या काठावर बसवलेला पंप पाणी ओढत नाही. आतला फिरता पंखा पंपाच्या तोंडाशी दाब कमी करतो, एवढेच. पाणी चढते ते हवेच्या रेट्याने. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा भार कायम असतो. सक्शन पाइपात तो कमी झाला की पाणी त्या वाटेने वर सरकते. काठापर्यंतचा प्रवास असा हवेच्या ताकदीवर चालतो, आणि ती ताकद मोजलेली आहे. समुद्रसपाटीला हवा १०.३ मीटर उंचीचे पाणी तोलून धरते. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर; तिथे हा आकडा ९.७ वर येतो. पन्हाळ्यावर तो ९.२ च्या आसपास. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वस्त्यांनी हेच धरून चालावे.

शाहूवाडीकडच्या एका वाचकाच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात तीस फुटांवर जाते. एक हॉर्सपॉवरचा पंप ते उचलत नाही, म्हणून दोनचा घ्यावा का, असा त्यांचा प्रश्न आहे. दोनचा काय, दहाचा बसवला तरी पाणी येणार नाही. हा प्रश्न घरोघरचा असल्यामुळे सौर पॅनेलचा कबूल केलेला हिशेब एक आठवडा पुढे ढकलला आहे.

या कोड्याने गॅलिलिओलाही चकवले होते. दहा मीटरच्या वर पंप पाणी उचलत नाही, हे त्याने १६३८ च्या ग्रंथात नोंदवले. कारण मात्र असे दिले की फार लांब दोर जसा स्वतःच्या वजनाने तुटतो तसा पाण्याचा खांब तुटतो. त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३ साली पाण्याच्या साडेतेरा पट जड पारा घेतला. पारा ७६ सेंटिमीटरवर थांबला. ७६ सेंटिमीटरला साडेतेराने गुणले की तेच दहा मीटर येतात. खांब तुटत नव्हता. त्याला खालून रेटणाऱ्या हवेचाच जोर तेवढा होता.

९.७ मीटर म्हणजे जवळजवळ बत्तीस फूट. मग तीस फुटांवरचे पाणी का येत नाही? कारण हा सगळा आकडा हाती लागत नाही. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्याची वाफ चाळीसेक सेंटिमीटर खाते. फुटव्हॉल्व्ह, त्याची जाळी, बेंड आणि पाइपाची आतली घासण आणखी काही घेतात. शिवाय पंपाला स्वतःच्या तोंडाशी दीड-दोन मीटरचा दाब शिल्लक लागतो. तो मिळाला नाही तर पाणी आतच उकळल्यासारखे फुटते, पंप खडे भरल्यासारखा वाजतो आणि पंख्याला खड्डे पडतात. उरतात सहा-साडेसहा मीटर. पंप वीस फुटांच्या आत ठेवावा, ही जुन्या मिस्त्रींची रीत त्यामुळे अगदी बरोबर आहे.

त्या वीस फुटांतही घात करतो तो फुटव्हॉल्व्ह. शेतकरी त्याला सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात. पाणी फक्त वर जाऊ देणारी ही झडप पाइपाच्या बुडाशी असते. तिच्यात काटकी किंवा शेवाळ अडकले की रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी घागरीने पाणी भरत बसावे लागते. दुसरे दुखणे अधिक लबाड. सक्शनच्या सांध्यात सुईएवढे छिद्र असेल तर पंप चालू असताना त्यातून पाणी गळत नाही, उलट हवा आत जाते. पंप ‘हवा धरतो’ आणि गळती मात्र कुठेच दिसत नाही. ती शोधायची तर पंप बंद ठेवून वरचे बूच काढावे, पाइप काठोकाठ भरावा आणि पाव तास थांबावे. सांधा ओला झाला तर दोष तिथे. सांधे कोरडे राहून पाणी खाली गेले तर दोष फुटबॉलचा.

मोटेला ही अडचण कधीच नव्हती. मोट पाणी खरोखर ओढत असे: वर जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर, बैल धावेवरून उतरले की भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई. विहीर खोल असेल तर धाव लांब बांधायची, एवढाच हिशेब. किर्लोस्करवाडीला १९२६ साली सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला, पुढे इंजिने आली, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्र्या ओतकाम पुरवू लागल्या. बैल सुटले, पण त्यांच्या जागी हवेची मर्यादा आली.

कोल्हापूरच्या पश्चिम भागात ही मर्यादा ऋतूप्रमाणे गाठते. आषाढात विहीर तुडुंब असते. वैशाखात तेच पाणी तळाशी जाते. दिवाळीत सुरळीत चाललेला पंप गुढीपाडव्यानंतर मुका होतो, आणि दोष विनाकारण मोटरला दिला जातो. यावरचा जुना तोडगा म्हणजे विहिरीच्या आत टप्पा बांधून पंप खाली नेणे. मोटरपंप असेल तर पावसाळ्याआधी तो वर काढावा लागतो. डिझेल इंजिन मात्र विहिरीत कधीच उतरवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहिरीत कोंडतो. त्याला वास नसतो, आणि इंजिन बंद करायला उतरलेला माणूस वर येत नाही.

खरा उपाय पंपच पाण्यात नेण्याचा. वर ढकलण्याला हवेची मर्यादा लागू होत नाही. तिथे फक्त पंपाची ताकद आणि पाइपाचा टिकाऊपणा पाहायचा. गावोगावचा इंडिया मार्क २ हातपंप याच तत्त्वावर चालतो: दांडा वर, पण सिलिंडर खोल पाण्यात. म्हणून हाताच्या जोरावर तो शंभर फुटांवरूनही पाणी देतो. वीज न पोहोचलेल्या घरासाठी डीसी मोटरचा छोटा सबमर्सिबल आणि उंचावर टाकी, हीच जोडी योग्य. काठावरचा पंप तिथे स्वस्त पडला तरी घेऊ नये.

पॅनेलचा हिशेब पुढच्या भागात. त्यासाठी दोन मापे हाताशी हवीत: वैशाखात काठापासून पाण्यापर्यंत किती फूट, आणि काठापासून टाकीच्या तोंडापर्यंत चढ किती. पहिल्याला दोरी आणि दगड पुरतो, दुसऱ्याला पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी. दोन्ही मापे वहीत लिहून ठेवावीत.